तान्ह्यांचा तांदूळ

“आता दर्यातनं जाऊ दे न्हाईतर आभाळातनं, किडा म्हनून लागायचा न्हाई त्याला,” आत्याबाई म्हणाल्या. तांदळाची पोती घेऊन टेम्पो वळणाआड गेला, तशा त्या पदर झटकून ओट्यावर टेकल्या.

मी माझ्या लेकीला, नंदूला पेज भरवत होते. तिला खालचे दोन दात आलेत. चमचा आत गेला की ती तो दातांत धरून ठेवते, सोडतच नाही. त्या ओढाओढीत मी सहज विचारलं, “का बरं लागायचा नाही?”

“बोरीक लावलीया की समद्याला. तू जावळाला म्हायेरी भोंगवलीला गेलीतीस न्हवं नूतन, तवा. एकेक पोतं सोडलं, परातीत वतलं, हातानं चोळलं, परत भरलं. कंबार न्हाई ऱ्हायली माजी.” आणि त्या हसल्या. शाबासकीची वाट बघत माणूस हसतं, तशा.

चमचा नंदूच्या तोंडातच राहिला.

बोरिक म्हणजे ती पांढरी, पिठासारखी पावडर. आमच्याकडे वर्षाचा तांदूळ भरताना घरोघर लावतात. तिच्यामुळे सोंडे होत नाहीत, जाळी धरत नाही. शिजवायच्या आधी दोन-तीन पाण्यांनी तांदूळ धुतला की पावडर गेली. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नसतं.

पण आत्ता गेलेला तांदूळ आमच्या कुणाच्या चुलीवर शिजणार नव्हता. तो अमेरिकेतल्या तान्ह्या मुलांसाठी होता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडाबाई, मार्गासनीत आणि आसपासच्या वाड्यांवर एकाच गोष्टीसाठी ओळखल्या जातात. त्यांच्या तांदळात किडा सापडत नाही. ‘धोंडाबाईच्या तांदळात सोंडा दावा आन् म्हस घिऊन जावा,’ असं गावातले म्हातारे चेष्टेनं म्हणतात. सासरे गेले तेव्हा आकाश, माझा नवरा, रांगत होता. आत्याबाईंनी दुसऱ्यांच्या चिखलात लावणी केली, कापणी केली, आणि स्वतःच्या वाट्याच्या दोन खाचरांत मात्र दर साली आंबेमोहरच लावला. खायला जाडाभरडा तांदूळ विकत आणायचा, आंबेमोहर राखून ठेवायचा. कुणाच्या घरी पाळणा हलला की पाचवीच्या आत या फडक्यात तांदूळ बांधून दारात हजर. बाळंतिणीची पेज, आजाऱ्याची पेज, दात येणाऱ्या पोराची पेज. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पेजेवर उभी राहिलीत. ते त्या कधी बोलून दाखवत नाहीत, पण एखादा दांडगा गडी रस्त्यानं गेला की त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहतात.

इंद्रजित पहिल्यांदा आला तेव्हा भात फुलोऱ्यात होतं. मूळचा भोरचा, पुण्यात शिकलेला, अजून लग्न न झालेला पोरगा. तांदळाला बाहेरचं गिऱ्हाईक बघून देतो म्हणाला. शाळेच्या वर्गात आम्हा बायकांची बैठक झाली. छोट्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

“तिकडची बाजारपेठ एवढी मोठी आहे मावशी, की आपल्या भोर-वेल्ह्याचा सगळा तांदूळ त्यांना एका दिवसाच्या न्याहारीलासुद्धा पुरायचा नाही,” तो म्हणाला.

“मंग आमच्या दारात कशापायी आलाय?” आत्याबाईंनी विचारलं. सगळ्या हसल्या.

“वासासाठी.”

“आई गं! हुशार हायत की लेकाचे.”

मग त्यानं समजावून सांगितलं. तिथली एक कंपनी तान्ह्या मुलांसाठी पेजेचं तयार पीठ करते. तांदूळ भाजायचा, दळायचा, डब्यात भरायचा. त्यांना आंबेमोहर आवडलाय. पण त्या दाराशी जगभरातले लहान लहान देश रांगेनं उभे असतात. कुणी तांदूळ घेऊन, कुणी केळी, कुणी सुकी मासळी. मालात नको ते एकदा सापडलं की आपलं नाव काळ्या यादीत, आणि मागचा पुढे. “म्हणून तांदळाला काही म्हणता काही लावायचं नाही,” तो म्हणाला. “औषध नाही, फवारा नाही.”

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आत्याबाईंनीही. बोरिक त्यांच्या लेखी औषध नव्हतंच. घरात मीठ असतं, तसं तेही असायचं.

नमुना तपासायला गेला आणि चोख निघाला. वेल्ह्याच्या बाजूच्या बायकांची पोती आमच्या पडवीत रचली गेली, भोंगवलीकडची मंगलताईंकडे. मंगलताई आमच्या गटाच्या अध्यक्ष. मग माल नेणारी बोट लांबली. एकदा लांबली, पुन्हा लांबली. ऊन तापायला लागलं. आत्याबाई रोज पोत्यांवरून हात फिरवायच्या, कान लावून ऐकायच्या. दुसऱ्यांच्या लेकी आपल्या घरात उजवायला ठेवल्यासारख्या त्या पोत्यांना जपत होत्या. आणि मी नंदूचं जावळ काढायला माहेरी गेले तेव्हा त्यांनी दाराला आतून कडी लावून, एकटीनं, ही सगळी मेहनत केली होती.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “ह्या पेजेचा तांदूळ धुतला होता ना?”

“म्या सोता धुतला. नितळ पानी यीस्तवर. का गं?”

तरी मी वाटी बाजूला ठेवली. नंदू रडायला लागली.

तिच्या तोंडात फोड आले होते तेव्हाची गोष्ट मला आठवत होती. आत्याबाई मधातून टाकणखार लावायला निघाल्या होत्या, त्यांच्या सासूनं शिकवलेला उपाय. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना हे कळलं आणि त्या एवढ्या ओरडल्या की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. ‘टाकणखार काय आन् बोरिक काय, तान्ह्याच्या पोटात जायला नको. उलट्या होतात, अंगावर उठतं, झटके येतात. हात जोडते तुम्हाला.’ आत्याबाई तेव्हा घरीच होत्या. त्यांनी ते ऐकलं नव्हतं, आणि मीही फोडांपुरतंच लक्षात ठेवलं होतं.

“आत्याबाई, तिकडं तांदूळ धुवत नाहीत.”

“कोन धुवत न्हाई?”

“कंपनीवाले. पोतं फोडायचं, भाजायचं, दळायचं. इंद्रजितनं सांगितलं नव्हतं का?”

“न धुता? येडी का खुळी तू! तांदूळ धुतल्याबिगार कोन खातं?”

त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग एकेका बाजूनं उतरत गेलं. नंदूनं वाटीत हात घातला आणि ती पालथी केली. एरवी आत्याबाईंनी सांडलेलं शीतन्‌शीत वेचलं असतं. आज त्या नुसत्या बघत राहिल्या.

मी बंडूला फोन लावला. बंडू टेम्पोचा मालक आणि ड्रायव्हर, दोन्ही. गाणी एवढी मोठ्यानं लावतो की त्याला फोन ऐकू यायची आशाच नसते. इंद्रजितचा फोन सतत दुसऱ्या कुणाशी चालू. मंगलताईंना लावायचा धीर मला झाला नाही. माल हायवेवरच्या कामथडीच्या शेडमध्ये पोचला की सगळी पोती एका यंत्रात ओतणार होते. खडे निघतील, तुकडा वेगळा होईल, आणि खालून तांदूळ नव्या पिशव्यांत भरला जाईल. एकदा ओतला की कुठला आमचा आणि कुठला भोंगवलीचा, हे सांगायला देवही येणार नव्हता.

आकाश शिरवळला पाळीवर होता. तिथं फोन फाटकावरच काढून घेतात. मी नंदूला कडेवर घेतलं. आत्याबाई आधीच चपला घालून उभ्या होत्या.

वडापची जीप मिळाली, पण भरलेली. दोन कोंबड्या, एक नवा पंखा आणि आम्ही. आंबवणे गावाच्या अलीकडे कुणाची तरी शेळी रस्त्यात आडवी झाली आणि ड्रायव्हर खाली उतरून तिच्या मालकाशी भांडत बसला. मला ओरडावंसं वाटलं.

नंदू झाल्यापासून माझी भीती बदललीय. आधी मला अंधाराची वाटायची, घाटातल्या वळणांची, आकाशला यायला उशीर झाला तर त्याची. आता काहीही झालं की आधी एक लहानसं तोंड दिसतं. त्या दिवशी दिसलं ते तोंड आमच्या गावचं नव्हतं. गळ्याला फडकं बांधलेलं, कुठल्यातरी परक्या घरात उंच खुर्चीवर बसवलेलं. त्यालाही खालचे दोनच दात. त्याची आई मला दिसत नव्हती, फक्त चमचा धरलेला हात दिसत होता. मी त्या हाताला थांब म्हणू शकत नव्हते.

आणि खरं सांगायचं तर दुसरी भीतीही होती. वेळेत पोचलो तर कुणालातरी सांगावं लागणार होतं. उशीर झाला तर सगळं आपोआप हाताबाहेर जाणार होतं. शेळी बाजूला झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी ती अजून थोडी आडवी राहिली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

“बाधलं म्हंजी काय हुतं गं लेकराला?” आत्याबाईंनी हळूच विचारलं.

मी नर्सबाई बोलल्या ते सांगितलं. झटक्यांचंही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. त्यांच्या मांडीवर नंदू पेंगत होती. त्यांनी तिला अलगद उचललं आणि माझ्याकडे दिलं. मग पदराच्या टोकानं हात पुसायला लागल्या. तळवे पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, नखं पुसली. नसरापूर येईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी यंत्राकडे बघितलं. ते बंद होतं. आमची पोती त्याच्या बाजूला रचलेली, वरची दोन-तीन तोंडं उघडून तयार ठेवलेली. यंत्राला हार घातला होता. भोंगवलीच्या बायका डोक्यावर प्लॅस्टिकच्या पांढऱ्या टोप्या घालून ओळीनं उभ्या होत्या.

“आल्या बाई एकदाच्या!” मंगलताईंचा आवाज शेडभर घुमला. “मी म्हनलं न्हवं, म्हातारी घरात बसायची न्हाई! या धोंडामावशी. आन् हसू नगा आमाला. ह्या टोप्या घालून समद्या बाळंतिनी झाल्यावानी दिसायलोय. घ्या, नारळ तुमच्याच हातनं फुटू दे.”

त्यांनी नारळ आत्याबाईंच्या हातात ठेवला. आत्याबाईंनी तो घेतला. हातात काही दिलं की घ्यायचं, एवढंच त्यांना तेव्हा कळत असावं.

मी इंद्रजितला खुणेनं बाजूला बोलावलं. वजनकाट्यामागे उभं राहून सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला.

“किती पोत्यांना?”

“आमच्याकडच्या सगळ्या.”

“कुणाला बोललात?”

“अजून कुणालाच नाही.”

त्यानं मागे वळून बघितलं. बायका कुठल्यातरी गोष्टीवर हसत होत्या. “वहिनी, हळू बोला. हे बघा, तपासणी होऊन गेलीय आपली. यंत्राला पंखा आहे, वाऱ्यानं निम्मी पावडर उडेल. वर एवढ्या मोठ्या मालात मिसळलं की कुठं काय राहणार? तिकडं प्रत्येक पिशवी उघडत नाहीत.”

“आणि उघडली तर?”

“उघडली तर उघडली. पण आज नाही पाठवलं तर नक्कीच गेलं. ही बोट चुकली की आपल्याला कोण विचारतंय? माझ्यामागं कोण कोण उभं आहे, तुम्हाला कल्पना नाही.” त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तो लबाड नव्हता. तो माझ्याइतकाच घाबरलेला होता, आणि म्हणूनच त्याचं बोलणं मला पटायला लागलं होतं. वाऱ्यानं उडेल. थोडीच तर राहील. नंदू माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा श्वास मानेला लागत होता.

“इंद्रजितराव.”

आत्याबाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. नारळ त्यांनी यंत्राच्या पायाशी ठेवून दिला होता, न फोडता.

“येक सांगा मला. तिकडं धुत्यात का न्हाई?”

“मावशी, ते आपण नंतर बसून…”

“धुत्यात का न्हाई?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. “नाही,” तो म्हणाला.

“भाजल्यावर जाती का ती पावडर?”

त्यानं नुसती मान हलवली. नाही जात.

“मंग हे चालू करू नगा.”

एवढं बोलून त्या वळल्या. चालत चालत यंत्रापाशी गेल्या आणि बायकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आयुष्यात चारचौघींपुढे उभ्या राहून त्या कधी बोलल्या नव्हत्या. शाळेतल्या बैठकीत जे बोलल्या तेही बसल्या जागेवरून.

“बायांनो, ऐका. म्या बोरीक लावलीया. वेल्ह्याकडच्या समद्या पोत्यांना. नूतनला ठावं न्हवतं. कुनालाच ठावं न्हवतं.”

कुणालातरी हे गमतीचं वाटलं. एक हसू आलं आणि मधेच थांबलं.

“काय बोलताय, मावशी?” मंगलताई म्हणाल्या.

“खरं तेच बोलती. किडा लागंल म्हून लावली. तिकडं धुवत न्हाईत, ह्ये मला उमगलं न्हाई.”

“कुनी सांगितलं हुतं शानपना कराय?” मंगलताईंनी टोपी ओढून काढली. “मीटिंगीत मान हालवत बसला हुतात न्हवं? वरीस झालं, वरीस! माजी पोरगी रोज इचारती, आई तुजा तांदूळ अमेरिकंला कवा जायचा. तिला आता काय सांगू? आमच्या मावशीनं पावडर फासली म्हून सांगू?”

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “तसंच सांग.”

मंगलताई दोन पावलं पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या आणि पालथ्या पाटीवर बसल्या. “आन् आमच्या भोंगवलीच्या तांदळाला तर न्हाई ना काई?” त्यांनी इंद्रजितला विचारलं. “त्यो तर जाऊ द्या.”

“तेवढ्यानं भरती होत नाही, ताई. अर्धा कंटेनर कोण घेतंय?”

तो फोन घेऊन बाहेर गेला. हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. नुसता दिसत होता, एका हातानं कपाळ धरून इकडून तिकडे चालणारा. आत एकीनं यंत्रावरचा हार सरळ केला, मग उगाच केला असं वाटून हात मागे घेतला. आत्याबाई उभ्याच होत्या. बसा म्हणायचं सगळ्यांनाच राहून गेलं, मलाही.

इंद्रजित परत आला. “जागा दिली दुसऱ्याला,” तो म्हणाला. “कुठल्यातरी छोट्या देशाचा माल जाईल आपल्याऐवजी. ते तयारच असतात.”

“आन् पुढच्या साली?” मंगलताईंनी विचारलं.

“विचारून बघेन.”

त्याच्या आवाजात काही उरलं नव्हतं. पोती पुन्हा टेम्पोत चढवायला सुरुवात झाली. तेव्हा तो आत्याबाईंजवळ आला आणि म्हणाला, “तुमच्या जागी मी असतो तर बोललो नसतो, मावशी.”

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दांडग्या पोरांकडे बघतात, तसंच.

“तुमची लेकरं आजून व्हायचीत,” त्या म्हणाल्या.

परतीला बंडूनं गाणी लावली नाहीत. मी आणि नंदू पुढे त्याच्याशेजारी, आत्याबाई हट्टानं मागे पोत्यांवर. पुढे बसा म्हणून बंडूनं दोनदा सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही, उलट त्यालाच बजावलं, “बंडू, येकदम घरी न्यायचं न्हाई. ज्येचं पोतं त्येच्या दारात.”

“बरं. म्या उतरवतो सगळं. तुमी गप बसा वर.”

“उतरव तू. बोलंन मी.”

मला वाटलं होतं, शेडमधून बाहेर पडलो की भीती संपेल. ती संपली नाही, एकेका दारापुरती झाली. करंजावण्याला पहिलं घर आलं तेव्हा मी खाली उतरून म्हणाले, “आत्याबाई, राहू द्या. मी सांगते.”

“तू कशी सांगशील? तू लावलीस व्हय?”

आणि टेम्पोच्या फळीला धरून, पाय चाचपत त्या खाली उतरल्या. दारात जाऊन तेच बोलल्या. बोरीक म्या लावली. माल माज्यापायी माघारी आला. घरातली बाई ऐकत राहिली, तिच्या नवऱ्यानं पोतं आत ओढलं. पाणी घ्या असं कुणी म्हणालं नाही. दार लागलं. आमच्याकडे दारातून माणूस पाण्यावाचून परत जात नाही. टेम्पोकडे येताना आत्याबाईंची मान वर झाली नाही.

पुढच्या वाडीवर साळूबाई भेटली. त्यांच्याच वयाची, त्यांच्याबरोबर चिखलात राबलेली. ती आधी समजली नाही, आणि समजल्यावर खोकला येईपर्यंत हसली. “अगं धोंडे, बोरीक न्हाई लावायची तर काय हळद लावायची व्हय तांदळाला? मीबी लावतीच की! अमेरिकावाले लई नाजूक दिसत्यात.”

आत्याबाई हसल्या नाहीत. “लाव. पर नातवाच्या पेजेला घिऊ नगंस. धुतला तरी न्हाई.”

“का गं? आपली न्हाई का जगली?”

“जगली,” आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. इतकी वर्षं, इतक्या घरी, इतक्या पाचव्यांना त्यांनी फडकी बांधून नेली होती. नितळ पाणी येईपर्यंत धुवायचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण एखादीनं घाईत, रडणारं पोर काखेत घेऊन, एकाच पाण्यावर भागवलं असेल तर? कुठल्या घरी काय झालं होतं, कोण दगावलं होतं, कशानं दगावलं होतं, हे आता कोण शोधणार होतं? टेम्पोत चढायच्या आधी त्या थोडा वेळ मागच्या चाकाला धरून उभ्या राहिल्या.

मी त्यांना वर चढवलं आणि नंदूला घेऊन मीही मागेच बसले. त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला. थोड्या वेळानं परत ठेवला.

मार्गासनीत शेवटचं पोतं गायत्रीचं. आमच्या गटातली ती सगळ्यात लहान. अलीकडेच लग्न होऊन आलेली, सासरच्यांशी भांडून भांडून तिनं आपला तांदूळ गटात दिला होता. गिरणवाल्याला घाल म्हणणाऱ्या दिराला ती म्हणाली होती, माझा तांदूळ अमेरिकेला जाणार. तोच दीर आत्ता ओट्यावर बसला होता. टेम्पो बघून त्यानं मांडी बदलली.

“काय वो मावशी, अमेरिका फिरून आला व्हय तांदूळ? लई लवकर आला!”

आतून कुणीतरी हसलं. गायत्री दारात येऊन उभी राहिली. तिनं टेम्पोतलं पोतं बघितलं, त्यावरचं आपलं नाव बघितलं, आणि काय ते ओळखलं असावं. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

आत्याबाई ओट्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“गायत्रीचा तांदूळ चोख हुता,” त्या दिराला म्हणाल्या. “तपासून आला हुता. नासवला म्या. हसायचं तर मला हस.”

तो काहीतरी पुटपुटला आणि तंबाखू मळायला लागला. गायत्री जागची हलली नाही. उतरताना मी नंदूला बंडूच्या हातात दिलं होतं, ती आता जागी होऊन किरकिरत होती, त्यामुळे पोतं उतरवायला कुणी नव्हतं. मी पुढे होणार, तोच आत्याबाईंनी फळीवरून पोत्याचा एक कान धरला आणि ओढला. ते जेमतेम हललं. त्यांनी पाय रोवला, पुन्हा ओढलं.

गायत्री पायऱ्या उतरून खाली आली. आत्याबाईंकडे तिनं बघितलं नाही. पदर खोचला आणि पोत्याचा दुसरा कान धरला.

दोघींनी ते उचललं. पोतं जड होतं. अंगणाच्या मध्यावर त्यांना ते खाली टेकवावं लागलं. दोघी जराशा उभ्या राहिल्या, दोघींनी हात बदलले आणि पुन्हा उचललं.